रंगीत मेण आणि दत्ताचे हात

उमापूरहून गेवराईला जाणारी जीप सकाळी सातला सुटायची होती. धाकटा भाऊ दत्ता पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता, मी मागं. आमचे वडील, अण्णा, जीपच्या दांडीला धरून उभे होते. "एकाला तरी ठेव बाबा," ते मला म्हणाले. "दोघंबी गेल्यावर मी कुणाशी बोलू?"

दत्तालाच पुण्याला यायचंय, असं मी गावभर सांगितलं होतं. खरं तर एकट्यानं जायची मला भीती वाटत होती.

आमचं सुताराचं घर. आई आम्ही लहान असतानाच गेली. अण्णा पाळणे आणि पाट करायचे, त्यांना रंगीत मेण लावायचे. मोहोळाचं मेण वितळवायचं, त्यात तारपीन आणि रंगाची पूड घालायची. गार झालं की लोण्यासारखं घट्ट व्हायचं, मग ते फडक्यानं लाकडात जिरवायचं. रंग चढायचा आणि लाकडाच्या रेषाही दिसत राहायच्या. रंगाची नजर होती ती दत्ताला. पिवळ्यात चिमूटभर निळं टाकून तो असा पोपटी काढायचा की अण्णा मला म्हणायचे, "त्याला इचारून करत जा रे." पण प्लास्टिकचे पाळणे आले आणि आमच्या दारात कुणी येईना.

पुण्यात भोसरीकडच्या एका वर्कशॉपमध्ये आम्हाला काम मिळालं. लहान मुलांची टेबलं, खुर्च्या, घोडे. मालकाला आमचं मेण फार आवडलं. क्लायंट शेड कार्ड पाठवायचा आणि दत्ता नुसतं बघून तो रंग आणायचा. वर्षभर बरं चाललं. मला वाटायला लागलं, अण्णांनाही आणावं.

तारपिनाबद्दल अण्णांचा एकच नियम होता. आधी जाळ विझवायचा, भांडं बाहेर आणायचं, मगच घालायचं. एके दिवशी दुपारी माल न्यायला टेम्पो दारात उभा होता आणि लाल कमी पडला होता, म्हणून आतच गॅसवर नवं मेण वितळत ठेवलं होतं.

"दादा, गॅस बंद करू दे की," दत्ता म्हणाला.

"काई होत न्हाई. तू ढवळ." आणि मी तारपीन ओतलं.

भपकन जाळ झाला. आजूबाजूला गुडघाभर भुसा पडलेला. भांडं सोडलं असतं तर आत काम करणारी सगळी माणसं जळाली असती. दत्तानं ते पेटलेलं भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि दाराबाहेर नेऊन टाकलं. मी तारपिनाचा डबा हातात धरून नुसता बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी अण्णा दवाखान्यात आले. दत्ताच्या हातांची पट्ट्यांनी झालेली पांढरी गाठोडी बघितली. मग माझ्याकडं वळून विचारलं, "गॅस चालू व्हता का?"

माझं तोंड उघडायच्या आत दत्ता बोलला. "माझ्याच्यानंच राह्यला, अण्णा."

मी गप्प बसलो.

अण्णा त्याला गावी घेऊन गेले. मी पुण्यातच राहिलो, कारण औषधपाण्याला कुणीतरी कमवायला हवं, असं सगळ्यांना वाटलं आणि मलाही ते सोयीचं होतं. मी अजून तेच काम करतो. गॅस बंद केला का, हे चारचारदा जाऊन बघतो. पोपटी मला जमत नाही. व्हिडिओ कॉलवर दत्ताला डबा दाखवतो, तो म्हणतो, "निळं लई झालं." हात तो कधी कॅमेऱ्यात येऊ देत नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेलो. दत्ताची बोटं तळव्याकडं वळून तशीच राहिलीत. अण्णा भाकरी कुस्करून, कालवून त्याला भरवत होते. बावीस वर्षांचा माझा भाऊ तोंड उघडून खाली मान घालून बसला होता. मला सहन झालं नाही. मी तिथंच बोलून गेलो, "अण्णा, गॅस दत्तानं न्हाई, मी चालू ठेवला व्हता. तो बंद कर म्हणत व्हता."

अण्णांचा हात थांबला नाही. त्यांनी पुढचा घास केला.

"मला तवाच कळलं व्हतं," ते म्हणाले. "तू सांगशील म्हणून वाट बघत व्हतो."

दत्तानं माझ्याकडं बघितलं नाही. घास संपल्यावर अण्णांनी विचारलं, "कधी निघणार?"

आमच्याकडं हे पाहुण्याला विचारतात.

"उद्या," मी म्हणालो. दोघांपैकी कुणीच 'थांब' म्हणालं नाही.