बांधावरचे पाच गोटे

ते पाच गोटे मीच बांधावरून उचलून आणले होते. कापसाच्या पहिल्या वेचणीआधी आमच्या भागात सीतादही करतात. शेतमालकीण एका झाडाखाली पाच गोटे मांडते, हळदकुंकू वाहते, दहीभात शिंपडते, आणि मग आम्ही मजूर बाया कमरेला ओट्या बांधून वेचायला लागतो. "जाय वं, गोटे आण," मालकीण म्हणाली, मी आणले. त्यातल्या एकावर तर मी आधी चपलेचा चिखल खरवडला होता. पूजा चालू असताना मागे उभी राहून हसू दाबत होते. आमचं घर बौद्ध. सासऱ्यांनी तरुणपणी घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडलेले. आमच्यात असलं काही नाही, याचा मला भारी तोरा.

त्याच आठवड्यात नवरा फवारणीहून आला तो भिंत चाचपतच. त्या साली बोंडअळीनं सगळ्यांना वेड लावलं होतं, आणि फवारणीचं औषध असं जहाल की गावोगावची माणसं दवाखान्यात. "मले काही दिसून नाही राह्यलं," तो म्हणाला. यवतमाळला नेला, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. खाटेच्या एका बाजूला मामाजी, म्हणजे माझे सासरे, दुसऱ्या बाजूला मी. आताच काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कपडे आणायला गावी आले, तर पाय घराकडे न जाता त्या शेताकडे वळले. दहीभात मुंग्यांनी नेला होता. चिखलाचा तो गोटाही कुंकू लावून बसला होता. अगं, तूच आणलेला गोटा आहे हा, असं स्वतःला बजावलं, आणि त्याच तोंडानं म्हणाले, "माय, त्याचे डोळे दे. पुढच्या वेचणीले मी दहीभात आणीन." कोणाला माय म्हणाले, माझं मलाच ठाऊक नाही. पण कोणीतरी ऐकून राह्यलं, असं वाटलं. खरंच वाटलं. ढसाढसा रडले, आणि छाती हलकी झाली.

पट्ट्या सुटल्या, त्याला दिसू लागलं. दवाखान्यातल्या औषधानंच! एवढं काय मला कळत नाही? तरी वर्षभर मामाजींच्या शेजारी बुद्धवंदनेला हात जोडले की चोरी केल्यासारखं वाटायचं. बरं, नवस न फेडावा तर त्याच्या डोळ्यांची धास्ती. त्यानं जरा डोळे चोळले की मी हातातलं काम टाकून त्याच्यापुढे बोटं धरायची, किती दिसतात म्हणून.

पुढच्या सीतादहीच्या सकाळी दहीभाताचा डबा पदराआड धरून निघाले, तर ओट्यावर मामाजी बसलेले.

"कोणासाठी वं?"

खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता डबा भिरकावतात.

त्यांनी डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. मग म्हणाले, "एवढं भेव वाटलं तुले, अन् गोट्याले सांगितलं? मी तं तिथंच होतो ना, पोरी. मले काहून नाही सांगितलं?"

दवाखान्यात त्यांचे हात थरथरताना मी पाहिले होते, आणि तोंड फिरवलं होतं.