आत्याबाईंनी वाचून दाखवलेली निंदा

चारचौघांत निंदा करता यावी म्हणूनच देवाने आमच्या घराण्याला मराठी दिली आहे. कुंभकोणममध्ये बाहेरचा सगळा कारभार तमिळमध्ये; पण दुकानदार समोर असताना "लबाड दिसतो, चल गे" म्हणायचं ते मराठीत, आणि तेही हसतमुखाने! पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ता लागला नाही.

त्यात मी जात्याच संशयी. दूधवाला वेळेवर आला तरी वाटतं, याने आज नक्की काहीतरी केलंय. लेकीने, रुक्माने, रेशमाच्या व्यापाऱ्याचा मुलगा पसंत केला तेव्हा मी कसून खोट शोधली. माणसं सौराष्ट्री, आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या इकडची; घरात त्यांची सौराष्ट्री भाषा बोलणारी, आमच्याशी तमिळ. खोट काही सापडेना. मग तर माझा संशय पक्काच झाला!

साखरपुड्याला रुक्माने (ती व्हिडिओ एडिटिंगच करते) माझ्या सदऱ्याला छोटा माईक अडकवला. स्वागताचे चार शब्द बोलायचे होते, ते बोललो. माईक काढायचा राहिला. मग दिवसभर बायकोच्या, सावित्रीच्या, कानाशी माझं चालूच.

"कॉफी बघितलीस? कावेरीला पूर आलाय नुसता!"

"हळू बोला हो."

"कशास हळू? यांस काय कळतंय! अन् मुलगा सारखा हसतो कशास? काहीतरी लपवतोय."

"तुम्ही आपल्या लग्नात अजिबात हसला नव्हता. तरी काय थोडं लपवलंत?"

समोर व्याही-विहीणबाईही आपसांत गोड काहीतरी बोलत, आमच्याकडे बघून माना डोलवत होते. मीही डोलवली.

आठवड्याने रुक्मा म्हणाली, "अप्पा, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आली! बोललेलं आपोआप लिहून घेतं, खाली तमिळमध्ये दाखवतं. मुलाच्या आत्याबाईंना ऐकू येत नाही, त्यांची सोय होईल."

"आपली मराठी? अगे, महाराष्ट्रातल्या माणसांस ती पुराणातली वाटते. यंत्रास काय कपाळ कळणार!"

आयुष्यात एवढ्या एकाच बाबतीत मी संशय घेतला नाही.

रविवारी सकाळी व्याह्यांच्या घरी साखरपुड्याचा व्हिडिओ बघायला सगळे टीव्हीसमोर बसलो. स्वागताचे शब्द झकास उमटले. (रुक्माने तेवढेच तपासले होते!) आत्याबाई चष्मा सावरून एकेक ओळ खणखणीत आवाजात वाचू लागल्या.

"कॉफी बघितलीस? कावेरीला पूर आलाय!"

विहीणबाई ट्रे घेऊन येत होत्या, त्या जागीच थांबल्या. ट्रेमध्ये कॉफीच होती.

"मुलगा काहीतरी लपवतोय!"

मुलगा हसायचा थांबला.

"व्याह्यांचे केस खोटे आहेत, पैज लाव!"

व्याह्यांचा हात झटकन डोक्याकडे गेला आणि टोप कानावर सरकला. (संशय खरा ठरल्याचा आनंद अशा वेळी मुळीच घेता येत नाही!)

रुक्माचे डोळे भरून आले. "अप्पा, मोडलंत ना माझं लग्न?"

मी उठून हात जोडले. "चुकलो. माझी जीभ वाईट आहे, पोरगी गुणाची आहे. शिक्षा मला करा."

आत्याबाईंना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं; त्यांचं वाचन चालूच.

"ही भाषा उपलब्ध नाही!"

पडद्यावर आता व्याही-विहीणबाई होते. विहीणबाई माझ्या पोटाकडे बोट दाखवून सौराष्ट्रीत काहीतरी म्हणाल्या.

"ही भाषा उपलब्ध नाही!"

व्याह्यांनी माझी चाल करून दाखवली. दोघं पोट धरधरून हसले.

"ही भाषा उपलब्ध नाही!" आत्याबाई गरजल्या.

व्याह्यांनी रिमोटवर झडप घातली. विहीणबाई लालबुंद.

"जाऊ द्या हो," व्याही घाईघाईने म्हणाले, "सोयरिकीत एवढं चालायचंच. मुहूर्त बघू या!"

लग्न थाटात झालं. जावई अजून हसतो. (नुसताच हसरा आहे तो.) पण ते दोघं काय म्हणाले, हा किडा माझ्या डोक्यातून जाईना. "खरं तेच म्हणाले असतील," सावित्री म्हणाली. मी कंपनीला तीन पत्रं धाडली: सौराष्ट्री कधी आणणार? उत्तर नाही.

शेवटी व्याह्यांकडेच सौराष्ट्रीची शिकवणी लावली. तीन महिने झाले, ते मला भाज्यांच्या नावांपुढे काही नेत नाहीत. माणसं फार संशयी आहेत हो!