लोक परत का आले याचं अर्धं उत्तर

नगरपालिकेला कारणं हवी होती.

जपानमध्ये, सेंदाई शहरापासून गाडीने तासाभरावर समुद्रकाठी एक लहानसं गाव आहे. भूकंप झाला, मागोमाग त्सुनामीची लाट आली, आणि त्यानंतर कित्येक उन्हाळे त्या किनाऱ्यावर चिटपाखरू फिरकलं नाही. मग एका वर्षी अचानक सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या. का? नगरपालिकेने हा प्रश्न आमच्या विभागाला रीतसर विचारला. मी सेंदाईच्या विद्यापीठात आकडेमोड करून पोट भरते. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण आमच्या प्राध्यापकांच्या मते परदेशी बाई प्रश्न विचारायला आली की जपानी माणूस गडबडून खरं बोलून जातो.

गंमत म्हणजे कारण मला आधीच माहीत होतं. ते त्या वेळी पुण्यात, कोथरूडला, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून मालिका बघत बसलं होतं. कारण म्हणजे माझी आई.

ती आदल्या उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला आली होती. आल्या आल्या तिने माझं घर, माझा स्वयंपाक आणि माझ्या कचऱ्याच्या वेगवेगळ्या पिशव्या यांच्यावर मतं द्यायला सुरुवात केली. प्लॅस्टिक धुऊन मग टाकायचं हे काही तिच्या पचनी पडेना. "टाकायचंच आहे तर धुतेस कशाला?" हे ती रोज विचारायची. मी रोज समजावून सांगायची आणि रोज चिडायची. शेवटी तिचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून तिला समुद्र दाखवायला न्यायचं ठरवलं. हा किनारा निवडला, कारण तिथे कुणी जात नाही असं ऐकलं होतं. मला तेवढीच शांतता हवी होती.

तिथे राहायची एकच सोय उरली होती. चढावरचं एक जुनं, लाकडी, घरगुती हॉटेल. त्याच्या मालकीणबाई साठीच्या होत्या. अशा बाईंना तिकडे ओकामी-सान म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्यांच्या आधी त्यांची आई ते हॉटेल चालवायची. लाट आली त्या दिवशी ती खाली किनाऱ्यावर होती. ती सापडली नाही. हे त्यांनी आम्हाला पहिल्याच चहाबरोबर सांगितलं, आंघोळीची वेळ सांगावी तितक्या सरळ आवाजात. आणि तसंच पुढचंही सांगितलं. पाहुणे येत नाहीत. मुलगी साइतामाला असते, लिफ्टच्या इमारतीत. ती सारखी फोन करते की आई, पुरे झालं, कुलूप लाव आणि इकडे ये.

"मी नाही म्हणते," ओकामी-सान म्हणाल्या, "मग ती विचारते, राहायला काही कारण आहे का? ते मला सांगता येत नाही."

जायचं नव्हतं त्यांना, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मुलीपुढे ठेवायला कारण नव्हतं, आणि जपानमध्ये कारणाशिवाय काही करणं फार अवघड असतं. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं, तोवर कारण सापडलं नाही तर हॉटेल बंद करायचं, असं मायलेकींचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आम्हाला वाट दाखवायला आल्या. लाटेनंतर तिथे उंच काँक्रीटची भिंत बांधलीय, पायऱ्या चढून पलीकडे उतरलं की समुद्र. ओकामी-सान भिंतीच्या माथ्यावर थांबल्या. लाटेनंतर त्या कधी खाली उतरल्या नव्हत्या. खाली वाळूत फक्त एक तरुण जोडपं होतं, आमच्याच हॉटेलातलं. नाश्त्याला त्यांचं काहीतरी बिनसलं होतं, आणि आता ती दोघं दोन दिशांना तोंडं करून बसली होती.

आईने साडी वर खोचली, चपला माझ्या हातात दिल्या आणि थेट पाण्यात शिरली. तिच्या डोक्यात गणपतीपुळ्याचं पाणी होतं. तिथलं पाणी ऐन उन्हाळ्यातही बर्फातून काढल्यासारखं असतं, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत उशीर झाला होता.

"आई गं!" आई किंचाळली. दुसरी लाट आली. "आई गं! अगं आई गं!"

आता इथे थोडं जपानी सांगावं लागेल. जपानीत "आइ" म्हणजे प्रेम. आणि "गा" हा एक प्रत्ययासारखा शब्द, कर्त्याला लागतो. "आइ गा" म्हणजे "प्रेम हे..." आणि पुढे काहीच नाही. कर्ता आला, क्रियापद गायब. आपल्याकडे असं बोललं की लोक म्हणतील, बाई, वाक्य पुरं कर. पण जपानी माणसाला अर्धं वाक्य म्हणजे जीव की प्राण. उरलेलं समोरच्याने ओळखायचं, यातच सगळी सभ्यता. तेव्हा भिंतीवर उभ्या असलेल्या ओकामी-सानना आणि रुसलेल्या त्या जोडप्याला काय दिसलं? एक परदेशी म्हातारी पॅसिफिकमध्ये गुडघाभर उभी राहून, हात वर करून, जीव तोडून ओरडतेय: "प्रेम हे...! प्रेम हे...!"

मला यातलं काही कळलं नाही. मी चपला धरून उभी होते.

संध्याकाळी हॉटेलात आईची आणखी पंचाईत. सगळं जमिनीवर. जमिनीवर बसायचं, जमिनीवर जेवायचं, जमिनीवर झोपायचं, आणि तिचे गुडघे म्हणजे आधीच आनंद. बसताना "आई गं". उठताना "आई गं". मासे नकोत म्हणून सांगितलं होतं, तर ओकामी-साननी टोफूवर माशाचे पातळ पापुद्रे पेरून आणले, ते वाफेने वळवळायला लागले. "हे हलतंय!" आई म्हणाली, आणि दचकून मागे सरकताना पुन्हा "आई गं". कागदाच्या दाराआड ओकामी-सान सगळं ऐकत होत्या.

मी बाहेर आले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या आईंना ते शब्द कुणी शिकवले?"

मला वाटलं, आईच्या ओरडण्याबद्दल तक्रार आहे. मी म्हणाले, "माफ करा हं. ते शिकवावं लागत नाही. आमच्याकडे लहानपणापासून सगळेच म्हणतात. आई तर उठताबसता म्हणते."

ओकामी-साननी तोंडावर हात ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे. मला वाटलं, जरा जास्तच हळव्या आहेत.

पुढचं सगळं त्या जोडप्याने केलं. दुसऱ्या दिवशी ती दोघं हातात हात घालून पाण्यात गेली, "आइ गा!" म्हणून ओरडली, वाक्य म्हणे मनातल्या मनात पुरं केलं, आणि भांडण मिटलं. त्या जोडप्यातल्या मुलीने हे सगळं फोनवरून जगाला दाखवलं. आई पुण्याला परत जाईपर्यंत आणखी जोडपी आली. मग ऑफिसातल्या मैत्रिणींचे घोळके आले, निवृत्त नवरा-बायकोंच्या जोड्या आल्या, आणि एकदा एका कंपनीची अख्खी विक्री-शाखा आली, सूटच्या पँटी दुमडून. सगळे पाण्यात उतरायचे, ओरडायचे आणि डोळे मिटून गप्प उभे राहायचे. मला हे कळलं ते माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून. "तुमच्या देशातला विधी आहे ना हा?" त्याने विचारलं. मी फोनवर ते पाहिलं आणि मला घाम फुटला.

म्हणून नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हा मी प्राध्यापकांना सरळ सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे एका व्यक्तीचं मत झालं. पाहणी करा."

केली. जवळजवळ सबंध उन्हाळा सुट्टीच्या दिवशी भिंतीवर छत्री लावून बसले. मुक्काम ओकामी-सानकडेच. प्रश्न एकच: तुम्ही इथे का आलात? उत्तरासाठी पर्याय दिले होते: शिंपले-कालवं, निसर्ग, पुन्हा सुरू झालेली रेल्वे, मोठा नवा पार्किंगचा तळ, आणि शेवटी "इतर". बहुतेक सगळ्यांनी "इतर"वर खूण केली आणि पुढे लिहिलं, "आइ गा".

सगळे कागद प्राध्यापकांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर केला. "ही वाक्यं अपुरी आहेत."

"हो."

"अपुरी उत्तरं काढून टाकायची असतात."

काढली. उरले ते संडास शोधत थांबलेले ट्रकवाले आणि एक गृहस्थ, जे रस्ता चुकले होते. त्यांच्या उत्तरांवरून निष्कर्ष निघाला की पर्यटन सावरलं ते पार्किंगमुळे. मी नोकरी सोडायच्या बेतात होते.

नगरपालिकेच्या बैठकीत मी निष्कर्ष वाचला आणि मग राहवेना म्हणून खरं कारणही सांगितलं. आमच्या भाषेत "आई" म्हणजे माता. दुखलं, भाजलं, गारठलं की आम्ही तिला हाक मारतो. प्रेमबिम काही नाही, माझ्या आईच्या पायाला गार पाणी लागलं होतं. पर्यटनाचा अधिकारी बराच वेळ दातांतून हवा आत ओढत राहिला. जपानी माणूस असं करतो तेव्हा समजायचं की आपण त्याला मोठ्या संकटात टाकलंय. हा गृहस्थ सुट्टीच्या दिवशी स्वतः गावाच्या शुभंकराचा, म्हणजे एका गुबगुबीत शिंपल्याचा पोशाख चढवून किनाऱ्यावर नाचायचा, त्यामुळे त्याच्याबद्दल मला सहानुभूती होती.

"फलक तयार झालाय," तो शेवटी म्हणाला.

झाला होताच. "आइ गा... किनारा". तीन टिंबांसकट. खाली शिंपला, आणि शिंपल्याचा हात धरून साडीतली एक बाई.

"आणि कृपा करून ओकामी-सानना हे सांगू नका," तो म्हणाला. "त्या प्रत्येक पाहुण्याला मनापासून ही गोष्ट सांगतात. खोटी निघाली तर लाजेने हॉटेल बंद करतील. मग लोक राहतील कुठे?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. हॉटेल भरलेलं असायचं, ओकामी-सान दिवसभर टॉवेल धूत असायच्या, तरी त्यांचं तळ्यात-मळ्यात संपलं नव्हतं. मुलीचं म्हणणं, हे फॅड आहे, पुढच्या वर्षी लोक दुसरीकडे जाऊन दुसरं काहीतरी ओरडतील, तेव्हा तू काय करशील? उन्हाळा संपत आला होता. मी अजूनही सुट्टीला तिकडे जायची, त्यांच्या समोर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलायची आणि तोंडात मिठाची गुळणी धरून असायची. मला ते अजिबात जमत नाही.

सुटका आईने केली. एका दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. ओकामी-सान शेजारीच टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. मी आदल्या दिवशी आईला फलकाचा फोटो पाठवला होता, ती चूकच झाली.

"ही कोण भवानी?" आईने विचारलं.

"तू आहेस."

"माझं नाक असं आहे? आणि लिहिलंय काय खाली?"

मी मराठीत सगळं सांगितलं. आई हसता हसता खोकायला लागली, पाणी पिऊन आली आणि म्हणाली, "अगं, मग त्यांना सांग ना! बिचाऱ्या लोकांना काय काय सांगत बसल्या असतील!"

"आई, ते जरा अवघड आहे."

"त्यात अवघड काय? तू भाषांतर कर, मी सांगते. अहो बाई," ती ओकामी-सानकडे बघून मोठ्याने म्हणाली, जणू मोठ्याने बोललं की मराठी कळतं, "दुखलं की आम्ही आईला हाक मारतो. एवढंच आहे ते!"

काय करणार? केलं भाषांतर. ओकामी-सानचे हात थांबले. मांडीवर टॉवेल तसाच अर्धा दुमडलेला राहिला. मला वाटलं, झालं, लागलं कुलूप.

"त्यांच्या आई अजून आहेत?" त्यांनी विचारलं.

"छे हो, ती केव्हाच गेली," आई म्हणाली. "तू शाळेत जायला लागायच्या आधी," हे माझ्याकडे बघून.

"आणि तरी हाक मारतात?"

"मग कुणाला मारू? गुडघा दुखल्यावर काय नगरसेवकाला हाक मारू?"

हेही मी इमानेइतबारे जपानीत नेलं. ओकामी-सान हसल्या. मग हसू विरलं आणि त्यांनी अगदी हळू, मला विचारावं की नको अशा आवाजात विचारलं, "त्यांच्या आईंना ऐकू जातं?"

आईला असल्या प्रश्नांची कधीच अडचण पडत नाही. "जातं की," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्याने ओरडल्यावर न जायला काय झालं?"

ओकामी-साननी ते ऐकून घेतलं. टॉवेलाची घडी पुरी केली, गठ्ठ्यावर ठेवली. मग उठून कोपऱ्यातल्या फोनपाशी गेल्या आणि मुलीला फोन लावला. त्या पाठमोऱ्या होत्या.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या.

पलीकडून नेहमीचाच प्रश्न आला असणार.

"साइतामाला समुद्र नाही," ओकामी-सान म्हणाल्या. "तिथून हाक मारली तर आईला ऐकू येणार नाही."

"काय म्हणतायत त्या?" माझी आई फोनमधून विचारत होती. "अगं, काय म्हणतायत?" मला रडू फुटलं होतं, म्हणून तिला सांगायला जरा वेळ लागला.