कडाक आबांचा आवाज

कडाक आबांच्या हाताखालून कोणी उठला, की आमच्या किनाऱ्यावर त्याला एकच प्रश्न विचारत : "इलो?" म्हणजे, मानेतून आवाज आला का. दुखणे गेले की नाही, ही चौकशी दुय्यम होती.

तरुणपणी आबा परदेशी प्रवासी जहाजावर होते. तिथल्या कायरोप्रॅक्टरच्या खोलीत टॉवेल सांभाळता सांभाळता त्यांनी मणके 'बसवण्याची' विद्या पाहून घेतली. मालवणला परतल्यावर पडवीत उंच बाक टाकला आणि त्या विद्येला देवापुढे घालायचे घरचे गाऱ्हाणे जोडले. मान वळवण्यापूर्वी ते डोळे मिटून म्हणत, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराची शीर जंय आडाकली आसात थंयसून सोडव रे म्हाराजा." वाट पाहणारी सगळी पडवी म्हणे, "व्हय म्हाराजा." मग कडाक.

अस्थिरोगशास्त्र शिकून मी कुडाळला दवाखाना थाटला, तेव्हा माझा खरा प्रतिस्पर्धी हा बाक होता. त्यावर नियमाने आडवे होणाऱ्यांत माझे वडीलही होते. रापणीचे जाळे ओढून त्यांची मान धरत असे. असा झटका दिल्यास मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी क्वचित फाटू शकते, हे मी त्यांना आकृती काढून समजावले. बाबा म्हणाले, "क्वचित म्हणजे माका नाय."

तेव्हा मी थेट आबांकडे गेले आणि पुरावा मागितला.

"पुरावो?" त्यांनी बाकावरून उठून वाटेने निघालेल्यांकडे बोट दाखवले. "ती काय चालत जातत."

"बहुतेकांची मान आपोआपच बरी होते, आबा. तुम्ही नसतात तरी ते चालत गेले असते."

"गेले असते गो. पण आपोआप बरो होयपर्यंत माणूस बसतलो खंय? तुझ्याकडे खुर्चे आसत, बोलूक कोण नाय."

हा मुद्दा विषयाला सोडून आहे, असे ठरवून मी प्रयोग सुचवला. काही दिवस कोणाच्याही मानेला झटका द्यायचा नाही. हात ठेवायचा, गाऱ्हाणे घालायचे, संपले. लोकांना गुण आला नाही, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. आबांनी आनंदाने मान्य केले. त्यांना स्वतःच्या विजयाची खात्री होती.

त्याच आठवड्यात बाबा मान डोलावत घरी आले. मी विचारले, "इलो?"

"मोठो इलो."

मी तडक पडवी गाठली. आबांनी शांतपणे माझ्या कानाशी मूठ आणली आणि स्वतःची बोटे मोडली. कडाक.

"मानेक धक्को लावूक नाय. पण आवाज नाय तर तुझो बापूस बाकावरसून उठना नाय. मी काय करू?"

प्रयोग बिघडला म्हणून मी चिडले होते; तो सुधारला आहे, हे घरी परतताना लक्षात आले. या आवाजानेही लोक पूर्वीइतकेच बरे होत राहिले. असल्या प्रयोगाला कोणतेही नियतकालिक दारात उभे करणार नाही, तरी मी आबांना विजयाने सांगितले : मान मोडण्यात काही गुण नाही.

आबांनी विचार केला. "म्हणजे गुण माझ्या बोटांत आसा."

त्यानंतर त्यांनी कोणाची मान वळवली नाही. निष्कर्षावर आमचे कधीच एकमत झाले नाही; बाबांची मान तेवढी शाबूत राहिली.

गेल्या वर्षी आबा कायमचे दोडामार्गला लेकीकडे जायला निघाले, तेव्हा वाटेत माझ्या दवाखान्यात उतरले. त्यांची स्वतःची मान धरली होती. बाहेर खुर्च्यांच्या जागी मी लांब बाक टाकला आहे. त्यावर बसून त्यांनी आधी सगळ्यांशी मनसोक्त गप्पा मारल्या. मी तपासले, व्यायाम दाखवले, आपोआप बरे होईल म्हणाले. आबा आडवेच.

"झालं, आबा."

"इलो खंय?"

मी दार लोटून घेतले आणि त्यांच्या कानाशी बोटे मोडली.

आबा उठून बसले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"बारीक आसा गो तुझो आवाज," पिशवी उचलत ते म्हणाले. "पण येतलो. हळूहळू येतलो."