वस्तादांचा दगड

पाथरवटाने तीस वर्षं थडग्यांवर लॅटिन कोरलं, पण अक्षरं ओळखता आली तरी त्यांचा अर्थ त्याला कळत नव्हता. शाळेतले म्हातारे मास्तर कागदावर लिहून देत, हा बघून छिन्नी चालवी. मास्तर मुलीकडे परगावी राहायला गेले आणि त्याच महिन्यात वस्ताद वारले. ज्यांनी हातात छिन्नी दिली, त्यांचाच दगड आता कोरायचा होता. वस्ताद बजावून गेले होते, जन्मभर मी लोकांना लॅटिन कोरून दिलं, मला साध्या भाषेत वाटेला लावू नका.

बायको म्हणाली, एखाद्या जुन्या दगडावरचं उतरवून घ्या, मेलेला माणूस थोडाच तपासायला येतो. पण दगडावरची चूक पुसता येत नाही. ती कोरणाऱ्याच्या मागेही उरते.

तो वही घेऊन कबरस्तानात गेला. कडेला शिक्षकांची थडगी होती, सगळी याच्याच हातची. कुठलं कुणाचं, हे त्याला पाठ होतं. इथे एक शिक्षक निजलेले, त्यावर मागिस्टर. शेजारी त्या शिक्षकांची बायको, तिथे मागिस्ट्री. पलीकडे विद्यार्थ्यांनी शिक्षकांना वाहिलेला दगड, त्यावर मागिस्ट्रो.

तो मटकन खाली बसला. धड तेच, शेपूट तेवढं बदलतंय. शिक्षक, शिक्षकांची, शिक्षकांना. अरे, ही तर आपण रोज बोलतो तीच विभक्ती. तीस वर्षं हाताला ठाऊक होतं, डोक्याला आज कळलं. तो या थडग्यावरून त्या थडग्याकडे धावत सुटला. माळ्याने हटकलं, काही हरवलंय का?

"सापडलंय," तो म्हणाला.

वस्तादही शिकवणारेच, तेव्हा मागिस्ट्रो पक्का. पण त्या दगडावर वाहणारे होते डिस्किपुली, म्हणजे वर्गभर पोरं. हा तर एकटा. डोळ्यात तेल घालून शोधल्यावर एका विद्यार्थ्याच्या थडग्यावर एकट्याचा शब्द मिळाला, डिस्किपुलुस. बरं झालं, आयतं उतरवलं नाही.

चौथ्या दिवशी वस्तादांच्या बायकोने, काकूंनी, कोरीव अक्षरांवरून बोट फिरवलं आणि काय लिहिलंय म्हणून विचारलं.

"वस्तादांना, त्यांच्या शिष्याकडून."

"कुणी लिहून दिलं?"

"मीच जुळवलं, काकू."

काकूंनी अक्षरांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आता ते वर बसून चूक शोधत असतील."

"शोधू देत," पाथरवट म्हणाला, आणि दगड उचलायला त्याने माणसांना हाक मारली.