एका वायरीवरची चार बटणं

लिफ्टची पॅनलं दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली, म्हणून कारखान्यात त्याला सगळे बटणवालाच म्हणत. बायकोची वाचा आणि उजवी बाजू एकदमच गेली, तेव्हा त्याने तिच्या डाव्या हाताखाली चार बटणं बसवली. पाणी, कूस, दुखतंय, श्वास. दाबलं की स्वयंपाकघरात त्या नावाचा दिवा लागे.

भंगारातल्या बोर्डावर मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे बटणं ओळखणाऱ्या चिपची, एकच पिन शाबूत होती. मग त्याने रेझिस्टरांची साखळी करून चारही बटणं एकाच वायरीवर घेतली. प्रत्येक बटणाचं व्होल्टेज वेगळं, त्यावरून कोणतं दाबलं ते कळे.

"बाबा, दोन एकदम दाबली तर?" लेकीने विचारलं.

"साखळीत जे पुढे, तेच कळणार. मागच्याचा पत्ताच लागत नाही."

"पुढे कोणतं आहे?"

"पाणी. दिवसातून वीसदा लागतं."

"श्वास पुढे घ्या ना."

"सगळं परत सोल्डर करावं लागेल. रविवारी बघू." तो हसला. "आणि तुझ्या आईने जन्मात कधी एका वेळी दोन गोष्टी मागितल्यात का गं? एक मागायला तरी आठवडा लावायची."

आतून बटण दाबलं गेलं नि पाण्याचा दिवा लागला. तो पेला घेऊन धावला, तर तिने तोंड फिरवलं.

"बघ! नुसती पळवतेय मला," तो खुशीत म्हणाला.

पुढे तिला ती खोडच लागली. करमेना की पाणी. रविवार येत गेले, जात गेले.

एका दुपारी तो भांडी विसळत होता. पाण्याचा दिवा लागला.

"आलो गं, कळलं!" त्याने उरलेली दोन पातेली विसळली, हात पुसले, पाणी कोमट केलं.

तो खोलीत गेला तेव्हा तिचे डोळे छताला लागले होते. तर्जनी पाण्यावर होती. अंगठा श्वासाच्या बटणात रुतला होता.

भेटायला आलेली बहीण त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "शेवटी पाणीच मागितलं ना तिने? तू लगेच उठलास. आणखी काय करणार होतास, दादा?"

तो मान हलवत राहिला.

सगळे गेल्यावर लेक रिकाम्या पलंगाशी बसली. "बाबा, श्वासाचा दिवा लागला होता का?"

"नाही."

ते खोटं नव्हतं. लेकीने पॅनल मांडीवर घेतलं आणि दोन बटणांवर दोन बोटं टेकवली.

"दाबू नकोस," तो म्हणाला.