कुणाच्या पार्सलात व्हेप तर नाही ना?

इथं अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या आमच्या चँडलरच्या मराठी मंडळींत कुणी इंडियाला निघालं, की त्याच्याकडे पार्सलं जमतात. पार्सलांबरोबर किस्सेही जमतात. पार्सलं ज्याची त्याला पोचतात, किस्से मात्र इथंच आमच्या सोफ्यावर पडून राहतात. यंदा जायची पाळी माझी होती. दोन वर्षांच्या मीराला घेऊन, एकटीनं! ह्यांना रजा मिळाली नाही. माझी शाळा सातवीपर्यंतच झालेली, इंग्रजी अडखळत. त्यामुळे जीवाला एकच घोर. दुसऱ्याच्या पार्सलातून नको ते निघालं आणि मुंबईला मला बाजूला घेतलं, तर कडेवरच्या पोरीचं काय?

नको ते म्हणजे व्हेप, ती बॅटरीवरची सिगारेट. हा घोर लावला सुमेधनं.

*

सुमेध आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. पुण्याचा, आयटीतला, लग्न व्हायचंय. एकदा जेवायला आला आणि खिशातलं सगळं टेबलावर काढून ठेवलं. त्यात एक गुलाबी, चपटी, गुळगुळीत डबी. मीरानं ती उचलली आणि थेट तोंडाकडे नेली! मी पोळी तव्यावर तशीच टाकून धावले.

"वहिनी, घाबरू नका, संपलीय ती," सुमेध म्हणाला. "डिस्पोजेबल आहे. संपली की टाकून द्यायची."

"मग टाक की!"

"अशी कचऱ्यात नाही टाकता येत. आत बॅटरी असते."

म्हणजे ओढायला उपयोग नाही आणि टाकायची सोय नाही! म्हणून माझ्या पोरीच्या हाताशी?

*

हाच सुमेध ऑफिसच्या कामाला विमानानं बेलव्ह्यूला निघाला. जाताना नवी व्हेप मोठ्या बॅगेत टाकून बॅग काउंटरवर देऊन मोकळा! त्याचा हिशोब साधा. सुरी, कात्री आपण चेक-इनमध्ये टाकतो, मग हीसुद्धा तिकडेच.

थोड्या वेळानं माइकवरून त्याचंच नाव! व्हेप चेक-इनमध्ये चालतच नाही म्हणे. सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावली. व्हेप पटकन सापडली. "ही हातातल्या बॅगेत ठेवा," म्हणून परत दिली. पण तिच्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत आईनं पाठवलेलं मेतकूट होतं. पिवळं, बारीक दळलेलं, वास मारणारं!

"वहिनी, व्हेपला दोन मिनिटं लागली," सुमेध सांगत होता, "मेतकुटाला अर्धा तास! वरून भाताबरोबर कसं खातात ते समजावून सांगावं लागलं."

*

यावर आमच्या डॉक्टरकाकांनी सगळ्यांचा क्लासच घेतला. काका म्हणजे इथले सगळ्यांत जुने, रिटायर्ड डॉक्टर. कुठलाही नियम विचारा, तोंडपाठ.

"बॅटरी खाली सामानात पेटली तर कुणाला दिसणार? वर पेटली तर निदान विझवता तरी येते. म्हणून व्हेप हातातल्या बॅगेत. विमानात ओढायची नाही, चार्ज करायची नाही. आणि गेटवर तुमची छोटी बॅग खाली टाकायला मागितली, तर आधी व्हेप बाहेर काढून जवळ ठेवायची."

नीलिमाताईंनी हे फार मनावर घेतलं. नीलिमाताई नागपूरच्या, आमच्या शेजारच्या. मुलीकडून, ईडन प्रेरीहून, विमानानं परत येत होत्या. खिडकीशी एक पोरगा बसलेला, आणि त्याची निळी व्हेप सीटसमोरच्या प्लगला लावलेली! झालं! ताईंनी मिस्टरांच्या कानाशी लागून मराठीत सुरुवात केली. "बघा जी, आग लावते हा! तोंड बघा कसं सुकलं आहे. याच्या आईला तरी माहीत असेल का?"

शेवटी बेल दाबून एअर होस्टेसला बोलावलंच. तिनं त्याला वायर काढायला लावली. पोरानं निमूट काढली, खिशात ठेवली आणि हळूच ताईंकडे वळला.

"काकू, आईला नाही माहीत. प्लीज सांगू नका."

*

हे ऐकून सगळे हसले. मी मात्र काकांना विचारलं, "काका, म्हणजे हातातल्या बॅगेत असली तर मुंबईला चालते?"

काकांचा चेहरा गंभीर झाला. "छे! हे नियम इथले. इंडियात व्हेपवर बंदी आहे. हातातल्या बॅगेत नाही, मोठ्या बॅगेत नाही, कुठंच नाही. न्यायचीच नाही!"

त्या दिवसापासून मी प्रत्येक पार्सल देणाऱ्यासमोर उघडायला लागले. नीलिमाताईंनी भाच्याला पाठवलेलं, रिबिन बांधलेलं गिफ्टसुद्धा! ताई रुसल्या. "अगं, मी कधी सुपारी तरी खाल्ली का?" रंगाच्या पेन्सिली निघाल्या. मी त्यासुद्धा एकेक काढून पाहिल्या.

*

मग सुमेध आला, पुण्याच्या मित्रासाठी पायमोज्यांचा गठ्ठा घेऊन. मी मोजे एकेक दाबत गेले. पाचव्या जोडात काहीतरी टणक लागलं. दोन व्हेप!

"वहिनी, काका म्हणाले ना, हातातल्या बॅगेत चालते..."

"अर्धंच ऐकलंस! मुंबईला मला अडवलं तर मीराला कोण घेणार? तू येणार आहेस?"

त्यानं व्हेप खिशात टाकल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी मीरासाठी बिस्किटं घेऊन आला. पुडा त्यानं स्वतःच फोडून दाखवला!

*

निघायच्या दिवशी सकाळी डॉक्टरकाका आले. पुण्यात त्यांची थोरली बहीण, आक्का. वय ऐंशीच्या पुढं. तिच्यासाठी गुडघ्याच्या पट्ट्याचा खोका.

"काका, उघडून बघू का?" मी चाचरत विचारलं.

"उघड की! नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी असं म्हटल्यावर मलाच लाज वाटली. वडीलधारा माणूस, त्यात डॉक्टर. खोका तसाच मीराच्या डायपरच्या बॅगेत ठेवला.

फिनिक्सच्या विमानतळावर सिक्युरिटीत नेमकी तीच बॅग बाजूला घेतली. मीरा कडेवर रडत होती. तिथल्या बाईंनी खोका उघडला, पट्टा उलगडला आणि आतून एक व्हेप काढली. पिवळी, आंब्याच्या स्वादाची म्हणून वर आंब्याचं चित्र! नुसती बघितली आणि हसून मला परत द्यायला लागल्या. "इट्स अलाउड, मॅम."

"नो, नो! आय डोन्ट वॉन्ट!" मी हात मागे घेतले. "प्लीज, यू टेक!"

त्यांना काही कळेना. अलाउड असलेली वस्तू ही बाई का घेत नाही? शेवटी त्यांनी ती एका वेगळ्या डब्यात टाकली. ती डब्यात पडल्याचा आवाज ऐकला तेव्हा कुठं मी बॅग उचलली.

गेटवर बसल्या बसल्या काकांना फोन लावला. मीरा मांडीवर झोपली होती. "काका, पट्ट्यात व्हेप होती. मी तिथंच टाकायला दिली."

पलीकडून काकांनी विचारलं, "आंब्याची होती का गं?"

"हो."

"हां, मग ती आक्काची. मी पुदिन्याची ओढतो."